फोन कोणाच्या हातात होता?

बल्बचा ठिपका गोल नव्हता. बेदाण्याच्या शेडमध्ये, निवडणीच्या टेबलावर टांगलेला साधा बल्ब. त्याचं प्रतिबिंब स्टीलच्या घमेल्याच्या काठावर मोहरीएवढं उमटलं होतं. बाकी सगळं चित्र स्थिर होतं. टेबलाची कड फ्रेमच्या कडेला समांतर होती, मागच्या जाळ्या जागच्या जागी होत्या, बायकांची बोटं तेवढी बेदाण्यांतून फिरत होती. फक्त तो मोहरीएवढा ठिपका मधूनच स्वल्पविरामासारखा लांबट व्हायचा आणि पुन्हा गोल व्हायचा.

वृंदानं व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवला. गोल, किंचित लांब, लांब. गोल, किंचित लांब, लांब. दर तिसऱ्या फ्रेमला ठिपका सगळ्यात जास्त ताणला जात होता. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे ताण सेकंदाला दहा वेळा. एका हेलकाव्यात वस्तू दोनदा सर्वाधिक वेगानं जाते, एकदा जाताना आणि एकदा येताना. म्हणजे हेलकावे सेकंदाला पाच.

तिनं वीजबिलाच्या मागच्या बाजूला ‘५’ असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. तासगावच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिनं बावीस वर्षं मुलांकडून लंबकाचे हेलकावे मोजून घेतले होते. मोजण्यात चूक झाली असेल, असं स्वतःला सांगणं तिला जमेना.

व्हिडिओ मार्च २०३१ मधला होता, साडेसहा वर्षांपूर्वीचा. महिला गटाच्या प्रदर्शनासाठी जुने तुकडे शोधताना सापडलेला.

फोन हातात धरला की तो हलतोच. निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला आठ ते बारा वेळा अगदी बारीक थरथरतो. आपल्याला ते दिसत नाही, पण फोनमधल्या जायरोस्कोपला दिसतं. तो सेकंदाला हजार वेळा फोन किती कलला हे मोजतो, आणि फोन तेवढंच चित्र उलट्या दिशेनं सरकवून हालचाल पुसून टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, काय हात स्थिर आहे! या पुसण्याला एकच मर्यादा आहे. एक फ्रेम घेतली जात असताना, त्या सेकंदाच्या साठाव्या भागात, जे हललं ते पुसता येत नाही. तिथं प्रकाशाचा ठिपका असेल तर त्याची रेघ होते. हात काय करत होता ते त्या रेघेत उरतं.

आणि पुसलेली हालचालही कुठं जात नाही. फोन ती व्हिडिओच्या फाईललाच जोडून ठेवतो. तिला कंपनोंद म्हणतात. वर्षानुवर्षं तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मग काही संशोधकांनी लाखो लोकांच्या कंपनोंदी त्यांच्या पुढच्या आजारपणांशी ताडून पाहिल्या आणि त्यांना आढळलं की कंपवात होणाऱ्या माणसाचा हात निदानाच्या सात-आठ वर्षं आधीपासून अधूनमधून वेगळा हलतो. सेकंदाला चार ते सहा. तेही सतत नाही. हात हवेत धरला, तो दहाएक सेकंद तसाच राहिला, की ही थरथर हळूच डोकं वर काढते आणि हात हलवला की नाहीशी होते. त्या माणसालाही तिचा पत्ता नसतो.

या शोधानं पुष्कळांचं भलं झालं. आजाराची गती कमी करणारी औषधं आली होती आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी उपयोगी पडत होती. नवीन फोनमध्ये तर हातात धरून केलेला व्हिडिओ संपला की कोपऱ्यात आपोआप छोटी हिरवी खूण यायची: हात निरोगी आहे.

वृंदानं आपल्या २०३० आणि २०३१ या दोन वर्षांतल्या सहाशे चाळीस फाईली कंपनोंदीच्या तपासणीला लावल्या आणि कुकर चढवायला गेली. परत आली तेव्हा सहाशे एकोणतीस फाईलींसमोर काही नव्हतं. अकरा फाईलींसमोर एकच ओळ होती.

‘या चित्रीकरणात सेकंदाला चार ते सहा कंपनं आढळली. फोन कोणाच्या हातात होता?’ आणि खाली दोन चौकोन: ‘माझ्या’ आणि ‘दुसऱ्या व्यक्तीच्या’.

ती दोन्ही चौकोनांकडे पाहत बसली. त्या दोन वर्षांत घरात व्हिडिओचा फोन एकच होता, आणि तो धरणारे हात चार होते. दोन तिचे, दोन गार्गीचे. गार्गी तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि सुट्टीत आईबरोबर शेडमध्ये यायची. एकीचा हात दुखला की दुसरी फोन घ्यायची. कुठला तुकडा कोणी घेतला, हे लिहून ठेवावं असं दोघींनाही कधी वाटलं नव्हतं.

तिनं कुठलाच चौकोन न भरता लॅपटॉप मिटला.

*

तो नोव्हेंबर होता. एप्रिल आला तरी चौकोन रिकामेच होते.

तपासायला वेळ लागला नसता. दिवाळीत घेतलेला नवा फोन हातात धरून दोन मिनिटं खिडकीबाहेरचा शेवगा टिपायचा. खूण आली नाही, तर तो हात वृंदाचा. आणि खूण आली तर? खूण आली तर ते अकरा तुकडे गार्गीचे ठरत होते. सगळं जग ज्या हिरव्या खुणेची वाट बघायचं, तिचीच वृंदाला भीती बसली. जोवर मी फोन हातात धरत नाही, तोवर तो हात माझा असू शकतो, असा तिचा तर्क होता. हा तर्क किती पोकळ आहे हे तिला कळत होतं. औषध लवकर सुरू करायला हवं, मग ते दोघींपैकी कुणालाही लागो. दर महिना कुणाचा तरी वाया जात होता. कळत असूनही तिनं बाजारातून साडेचारशे रुपयांचा ट्रायपॉड आणला.

“हे काय नवीन?” शशिकांतनं विचारलं होतं. ठिबकच्या सामानाच्या दुकानातून तो जेवायला आला होता. “तूच म्हणायचीस ना, ट्रायपॉड म्हणजे आळशी माणसाची कुबडी?”

“वय झालं आता.”

“एक्कावन्न म्हणजे वय? मग माझी तिरडीच बांधायला घे.”

ती हसली आणि पोळी वाढायला उठली.

*

गार्गी शनिवारी सकाळी पुण्याहून आली. ती एका बियाणं-तपासणी प्रयोगशाळेत काम करत होती आणि दर रविवारी संध्याकाळच्या बसनं परत जायची. या वेळी मात्र तिच्या येण्याला कारण होतं. कराडच्या मिहीरशी तिची चारदा भेट झाली होती. चौथ्या भेटीनंतर तिनं आईला फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, “माणूस ऐकून घेतो गं.” गार्गीच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

दुपारी मिहीरच्या आत्याबाईंचा फोन आला. शशिकांतनं तो स्पीकरवर ठेवला.

“तारखेचं आम्ही गुरुजींना विचारतोय,” आत्याबाई म्हणाल्या. “तेवढा गार्गीचा हातातला व्हिडिओ पाठवून द्या म्हणजे झालं. दोन मिनिटांचं तर काम. मिहीरचा मी आत्ताच टाकलाय तुम्हाला, बघा, स्वच्छ हिरवी खूण आहे.”

“बघितला,” शशिकांत म्हणाला. “गुऱ्हाळ छान घेतलंय.”

“आमचा आग्रह नाही हां. पण आता वधूवर मंडळाच्या फॉर्मवरच रकाना असतो ना. रक्तगट, पत्रिका आणि व्हिडिओ. आणि आमच्या विहीणबाई तर त्यातल्या मास्तरीण! त्यांचाही एक पाठवा की, हौस म्हणून. आईवरनं मुलीचं कळतं म्हणतात.”

फोन ठेवून शशिकांत म्हणाला, “माझ्या आजीला सुईत दोरा ओवून दाखवायला लावला होता. आईला अंगणात चालायला लावलं. आता फोन धरून दाखवा म्हणतायत. प्रगती आहे.”

“मला तर चीडच येते,” गार्गी म्हणाली. “पण मिहीर म्हणाला, आत्याचं मन राखायला मी पाठवला, तू पाठव असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळी काढते आणि टाकते. आई, तुझा फोन दे, माझ्या जुन्या फोनवर ती खूण येत नाही.”

“नको,” वृंदा म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली की दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“नको म्हणजे?”

“नको काढूस. असल्या मागण्या पुऱ्या करायच्या नसतात.”

“तत्त्वाचं असेल तर मी तुझ्या बाजूला आहे,” गार्गी सावकाश म्हणाली. “मी आत्ता त्यांना फोन करून सांगते की आम्ही देत नाही. सांगू?”

वृंदानं नकारार्थी मान हलवली. देत नाही म्हटलं की लोक काय समजतात, हे या गावात आता सगळ्यांना माहीत झालं होतं. गेल्या दिवाळीत समोरच्या आळीतल्या एका मुलीनं असंच नाही म्हटलं होतं. तिचं लग्न मोडलं ते मोडलंच, वर तिच्या धाकट्या भावालाही लोक फोन धरायला सांगू लागले.

“बघ, तत्त्वाचं नाहीये,” गार्गी म्हणाली. “तुला मिहीर पसंत नाही का?”

“मुलगा चांगलाय.”

“मग काय? कशाला घाबरलीयस तू?”

“थोडे दिवस थांब, गार्गी.”

“किती दिवस?”

वृंदाला आकडा सांगता येईना. आयुष्यभर आकडे सांगणारी बाई, दोन भांडी उचलून मोरीत नेऊन ठेवून आली. तिच्यामागे शशिकांत हलकेच म्हणाला, “राहू दे गं, सकाळी बोलू,” आणि गार्गीनं खोलीचं दार जरा जोरात लावलेलं तिला ऐकू आलं.

*

रविवारी सकाळी नगरपालिकेच्या शाळेत वृंदाचा वर्ग असायचा. बिनपैशाचे व्हिडिओ कसे करायचे, हे ती दहा वर्षं शिकवत होती. फी नव्हती. बायका घरून जुने फोन घेऊन यायच्या, पापड, घोंगड्या, रोपं, शिवणकाम, जे काही विकायचं असेल ते घेऊन. दिवा विकत आणू नका, खिडकीपाशी बसा. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरा. खोलीत आवाज घुमला तर मागं दोरीवर गोधडी टाका. वारा असला तर माइकवर लहान मुलाचा मोजा चढवा. आणि फोन धरताना दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, श्वास बाहेर सोडा, थांबा, मग टिपा. हा शेवटचा नियम तिचा स्वतःचा होता. चाळीस सेकंद ती सहज थांबू शकायची. तिचे व्हिडिओ बघणारे लोक विचारायचे, कुठलं यंत्र वापरता? ती म्हणायची, फुप्फुस.

त्या दिवशी शेवंता कोळेकरनं तिच्या घोंगडीचा व्हिडिओ दाखवला. पांढरी-काळी घोंगडी उन्हात पसरली होती, रंग सुरेख आले होते, पण चित्र संथपणे वर जात होतं आणि खाली येत होतं.

“मॅडम, हे झोपाळ्यावानी का व्हतंय?”

“तुम्ही श्वास घेताय म्हणून.”

“मग काय श्वास सोडून देऊ? घरी दोन लेकरं हायत माझी.”

सगळा वर्ग हसला. वृंदाही हसली. “कायमचा सोडायचा नाही, सोडून थोडं थांबायचं. थांबा, दाखवते.” तिनं शेवंताच्या फाईलची कंपनोंद लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर काट्याकुट्यांची एक जाड पट्टी उमटली. “हे बारीक काटे म्हणजे हाताची थरथर. ती आपण बाजूला काढू.” तिनं वेगवान कंपनं गाळून टाकली. उरली एक गुळगुळीत लाट, चढणारी, उतरणारी. “एक चढ-उतार साधारण चार सेकंद. हा तुमचा श्वास.”

“अगं बया,” शेवंता पुढे वाकली. “माझा श्वास ह्यात दिसतो?”

“प्रत्येकाचा दिसतो.”

“आणि तुमचा कसा दिसंल? तुमी तर घेतच न्हाई म्हना.”

“माझा?” वृंदा म्हणाली. “माझी लाट दहाव्या सेकंदाला वगैरे सपाट होते. मी सोडून थांबते, त्यामुळे...”

तिचा हात कळफलकावर तसाच राहिला.

“मॅडम? पानी आनू का?”

“नको,” वृंदा म्हणाली. “आज आपण लवकर सोडू. आणि शेवंताबाई, तुम्ही फार चांगला प्रश्न विचारलात.”

“मी कुठं काय इचारलं?” शेवंता शेजारणीला म्हणाली.

“आन् तो ट्रायपॉड ऱ्हायला की हो मॅडम!” मागून कुणीतरी ओरडलं. पण वृंदा तोवर फाटकाबाहेर पडली होती.

*

घरी शशिकांत टीव्हीसमोर डुलक्या काढत होता. गार्गी आतल्या खोलीत कपडे भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. वृंदा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

आधी तुलनेसाठी खात्रीच्या नोंदी हव्यात. एका व्हिडिओत वृंदा स्वतः द्राक्षं जाळीवर पसरण्याबद्दल बोलत होती. म्हणजे फोन गार्गीच्या हातात होता. दुसऱ्यात गार्गी बेदाणे चाळून दाखवत होती. तो वृंदानं घेतला होता. या दोन्हींसमोर तपासणीनं काही लिहिलेलं नव्हतं, पण तेवढ्यानं कुणीच सुटत नव्हतं, थरथर येते-जाते. तिला थरथर नकोच होती. तिला श्वास हवा होता.

तिनं दोन्ही नोंदींतले वेगवान काटे गाळले. गार्गीची लाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली होती, दर साडेतीन सेकंदांनी एक. एके ठिकाणी, विसाव्या सेकंदाला, ती थांबायचा प्रयत्न करत होती असं दिसलं; लाट तीन सेकंद सपाट झाली आणि मग एकदम उसळली. वृंदाला तो दिवस आठवला. थांबायला सांगितलं की गार्गीला हसू फुटायचं. कधीच जमलं नाही तिला.

वृंदाची नोंद: दोन लाटा, एक लांब उतार, आणि मग सपाट रेघ. अडतीस सेकंद.

आता अकरा फाईली. तिनं पहिली उघडली. बल्ब, घमेलं, बोटं. वेगवान काटे बाजूला काढताना तिच्या लक्षात आलं की आपण आत्ताही श्वास धरून बसलो आहोत.

दोन लाटा. लांब उतार. सपाट.

आणि त्या सपाट रेघेवर, अकराव्या सेकंदापासून, ते दुसरं कंपन स्वच्छ उमटत होतं, सेकंदाला पाच. श्वास थांबला होता, कोपरं बरगड्यांना चिकटली होती, सगळं शरीर शांत झालं होतं, आणि त्या शांततेत हाताला सवड मिळाली होती.

तिनं दुसरी उघडली. तिसरी. घाई केली नाही. प्रत्येकीची सपाट रेघ किती सेकंदांची आहे ते वीजबिलाच्या मागे लिहीत गेली. चौतीस, एक्केचाळीस, छत्तीस. सातव्या फाईलपाशी रेघ मध्येच तुटली होती. मग तिनं चित्र लावून पाहिलं. शेडमध्ये कुत्रं शिरलं होतं आणि तिचाच आवाज “हाड!” म्हणत होता. आठवी, नववी, दहावी. अकरावी.

अकराच्या अकरा तिच्या होत्या.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. आपल्याला एक आजार आहे, जो बरा होत नाही, फक्त मंदावतो, हे तिनं नुकतंच स्वतः सिद्ध केलं होतं. आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की उठून खिडकी उघडावीशी वाटली. तिनं ती उघडलीही. शेवग्याच्या शेंगा वाऱ्यानं एकमेकींवर आपटत होत्या. मागून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

“मी चारचीच बस धरते,” गार्गी दारात येऊन म्हणाली. “व्हिडिओ मी काढलेला नाही. तुझ्या मर्जीविरुद्ध काढायचा नव्हता मला. पण मिहीरला काय सांगायचं तेवढं तू मला...”

ती थांबली. “आई, तू रडतीयस?”

“बस इथं,” वृंदा म्हणाली. “तुला काही दाखवायचंय. मध्ये बोलू नकोस, सगळं बघून घे.”

गार्गी प्रयोगशाळेतली मुलगी होती. तिला फार सांगावं लागलं नाही. तिनं बल्बचा ठिपका पाहिला, पाचचा आकडा पाहिला, अकरा फाईलींखालचा प्रश्न वाचला. तुलनेच्या दोन नोंदी तिनं स्वतः पुन्हा गाळून पाहिल्या. मग अकरा सपाट रेघा एकाखाली एक लावल्या.

“ही तपासणी कधी लावलीस?” तिनं विचारलं.

“नोव्हेंबरात.”

“नोव्हेंबर. म्हणजे पाच महिने.”

“मला वाटलं, तुझा हात असला तर...”

“माझा असला तर मला आधी कळायला हवं होतं!” गार्गीचा आवाज चढला. टीव्हीसमोरची डुलकी मोडली. “औषध जितकं लवकर तितकं चांगलं, हे तुला माहीत नव्हतं? तुझेही पाच महिने गेले आणि माझेही गेले असते. कशासाठी? तुला बघायचं धाडस झालं नाही म्हणून?”

“हो,” वृंदा म्हणाली. “तेवढ्याचसाठी.”

या उत्तराची गार्गीला अपेक्षा नसावी. मग ती पडद्याकडे वळली आणि बोटानं आपली लाट दाखवत म्हणाली, “हे काय उसळलंय इथं?”

“हसलीस तू. मी थांब म्हटलं की तुला हसू यायचं.”

“तू गाल फुगवायचीस म्हणून. बेडकासारखी दिसायचीस.” ती आत्ताही अर्धवट हसली, आणि मग हाताच्या पाठीनं तिनं डोळे पुसले. “मी अजूनही रागावलेलीच आहे, समजलं?”

“समजलं.”

“आईचं मुलीकडे येतं का हे?”

“शंभरातल्या दहा-पंधरा जणांतच. ते रक्ताच्या तपासणीतून कळतं. करायची की नाही ते तू ठरव.”

“मी ठरवते. आणि मिहीरलाही मीच सांगते, आत्याबाईंच्या आधी. ऐकून घेतो म्हणाले होते ना मी? बघू या किती ऐकतो.” तिनं टेबलावरचा आईचा फोन उचलला आणि तिच्यासमोर धरला. “घे.”

“कशाला?”

“सात वर्षांपूर्वीची नोंद आहे ती. आजची कुठाय? एका मोजणीवर निष्कर्ष काढायचा नाही, हे मला कुणी शिकवलं?”

वृंदानं पाच महिन्यांत पहिल्यांदा चित्रीकरणासाठी फोन हातात घेतला. गार्गी खिडकीपाशी स्टुलावर बसली. उजेड डावीकडून येत होता. उजव्या गालावर सावली जास्त पडली होती, म्हणून गार्गीनं न सांगता वर्तमानपत्राचं पांढरं पान उलगडून त्या बाजूला धरलं. वृंदानं कोपरं बरगड्यांना चिकटवली, श्वास सोडला आणि थांबली.

पडद्यावर तिची मुलगी अगदी स्थिर दिसत होती. तिच्या कानातल्या खड्यात खिडकी चमकत होती. अकराव्या सेकंदाच्या सुमारास वृंदाला उजव्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी जाणवलं, पातळ कापडाखाली पाखरू हललं असावं इतकं हलकं. ते पूर्वीपासून तिथं असणार. तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. चित्र हललं नाही. फोन ते पुसत होता. तिनं दोन मिनिटं पूर्ण होऊ दिली.

“काय चाललंय तुम्हा दोघींचं?” शशिकांत दारात उभा होता, केस विस्कटलेले. “भांडण मिटलं वाटतं. मग चहा टाकू का?”

गार्गी स्टुलावरून उठून आईच्या खांद्याशी आली होती. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली नाही. तिच्या जागी ती ओळ आली, जी वृंदाला आता पाठ होती, आणि तिच्याखाली दोन रिकामे चौकोन.

शशिकांतनं जवळ येऊन, डोळे बारीक करून ती मोठ्यानं वाचली. “फोन कोणाच्या हातात होता? म्हणजे काय हे?”

“माझ्या,” वृंदा म्हणाली. “फोन माझ्या हातात होता. मी उद्या सकाळी मिरजेला डॉक्टरांकडे जाणार आहे, आणि तुम्ही दोघं माझ्याबरोबर या.”